पिकलेलं पाणी

चुलीवर चहाचं आधण ठेवून झिओने मागच्या अंगणात आली आणि दारातच थबकली. काहीतरी कमी होतं. काय, ते क्षणभर कळलंच नाही. मग ध्यानात आलं, पाण्याची धार थांबली होती. गेले सात महिने रात्रंदिवस टाकीत पडणारी ती धार तिच्या कानांना इतकी सवयीची झाली होती, की ती नसल्यावर अंगण परक्याचं वाटायला लागलं.

वीज पहाटेच कधीतरी गेली असावी. पंप मुका होता.

ती टाकीजवळ गेली. वरून कापलेली हजार लिटरची पांढरी चौकोनी टाकी, तिच्या बाजूला विटांवर मांडलेले चार लाकडी वाफे, वाफ्यांत खडी आणि खडीतून वर आलेली मोहरीची भाजी नि टोमॅटो. माशांच्या घाणीचं पाणी पंपाने वाफ्यांत चढायचं, खडी आणि मुळं त्यातली घाण खाऊन टाकायची, निवळलेलं पाणी पुन्हा माशांवर पडायचं. माती नाही, खत नाही. झोम्बा शहराच्या या चिकांडा वस्तीत असलं अंगण दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मासे पाण्यावर तोंडं काढून उभे होते. सगळे. शंभरेक तोंडं उघडत होती, मिटत होती. आणि त्यांच्या मधूनमधून पांढरी पोटं तरंगत होती.

"तियामिके!" ती ओरडली. "अगं, बाहेर ये!"

धाकटी बहीण धावत आली. तिचे केस अर्धेच विणून झाले होते, उरलेले डोक्याच्या एका बाजूला मोकळे उभे होते. आज तिच्या लग्नाची बोलणी होती. दुपारी होणाऱ्या नवऱ्याच्या, फ्रॅकसनच्या, घरचे तीस-पस्तीस लोक येणार, दोन्हीकडचे मामा समोरासमोर बसणार, कोंबडा-कोंबडीची देवघेव होणार आणि मग सगळ्यांना जेवण. जेवणात घरच्या टाकीतले मासे. हे झिओनेने तीन आठवड्यांपूर्वीच सगळ्या नातलगांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

"किती मेले, ताई?"

"मोजले नाहीत. पन्नास असतील. जास्तही असतील."

तियामिके टाकीच्या काठाला हात लावून उभी राहिली. तिने नाकाला कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाचा पदर लावला.

"घाण वास येतोय."

"माहितीये."

"लायसनमामांनी सांगितलं होतं."

"माहितीये म्हटलं ना!"

 खिशातून फोन काढून तियामिके जरा बाजूला गेली. झिओनेला तिचं बोलणं तुटक तुटक ऐकू आलं. "हो मामा... नाही, मी बरी आहे. ताईचे मासे... हो. कुठपर्यंत आलात?" फोन ठेवून ती परत आली.

"मिनीबसमधून उतरलेत. पोचतील इतक्यात."

"आले तर," झिओने म्हणाली.

"येतील. पण माझ्यासाठी येतायत, ताई. तुझ्यासाठी नाही."

* * *

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घर मुलींचं होतं, आणि मुलींच्या वतीने चार माणसांत बोलण्याचा मान आईच्या भावाचा, लायसनमामाचा. लग्न असो, मयत असो, जागेचा तंटा असो, या घराचा शब्द म्हणजे मामाचा शब्द. राहायचा तो तिकडे काचुलूला, चिल्वा सरोवराच्या काठावर. आयुष्यभर मासेच धरले त्याने. सरोवर भरलं की होडी घालायची, आटलं की काठावर बसून वाट बघायची.

फेब्रुवारीत झिओने तीन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आली आणि कागदावर काढलेलं चित्र बघून तिने ही टाकी मांडली. पन्नास पिल्लं विकत आणली, दुसऱ्याच दिवशी सोडली. नवव्या दिवशी एकही उरलं नाही. तेव्हा मामाच आला होता. त्याने पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"पाणी कच्चं आहे, पोरी."

"कच्चं म्हणजे?"

"म्हणजे कच्चं. फणसासारखं. तुला फळ दिसतं म्हणून खायचं का? पाण्यालाही पिकावं लागतं. नळाचं पाणी आधी दोन दिवस उन्हात उघडं ठेव. मग चार मासे सोड, चारच. त्यांची घाण खडीवर बसू दे. खडीला हात लावून बघत जा. बुळबुळीत झाली की समज, घाण खाणारं कुणीतरी तिथे राहायला आलं. तोवर थांबायचं."

"किती दिवस?"

"सहा आठवडे. आठ. पाण्याला घाई कळत नाही."

ती थांबली होती. रोज शाळेतून आल्यावर खडीत हात घालून बघायची. सातव्या आठवड्यात खडी बुळबुळीत लागली, मोहरीची पिवळी पानं हिरवी झाली, आणि तिने फोन केला तेव्हा मामा काचुलूहून झाकणाच्या बादलीत चाळीस माकुंबा मासे घेऊन आला. मिनीबसमध्ये बादली मांडीवर धरून. वाटेत तीनदा त्याने हाताने पाणी ढवळलं होतं, हवा आत जावी म्हणून. त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि बायका त्याला हसत होत्या, असं तोच सांगत होता.

ते चाळीस जगले. वाढले. शेजारीपाजारी बघायला यायला लागले. झिओने शिकवायची त्या शाळेच्या हेडमास्तरांनी आख्खा वर्गच अंगणात आणला. झिओने मुलांना समजावून सांगायची, मी असं केलं, मी तसं केलं. मामाचं नाव कधी घेतलं नाही असं नाही, पण हळूहळू ते घ्यायचं राहून जायला लागलं.

मग बोलण्यांची तारीख ठरली, आणि चाळीस माशांत पाहुण्यांचं भागेना. झिओनेने दुसऱ्या एका तळेवाल्याकडून चांगले वाढलेले सव्वाशे मासे आणून त्याच टाकीत ओतले. अंगावर चढावेत म्हणून दिवसातून चार वेळा खाणं टाकायला लागली.

तयारीच्या बैठकीला मामा आला तेव्हा त्याने ते पाहिलं. घरची सगळी माणसं आंब्याखाली बसली होती, मावश्या, आतेभाऊ, चर्चच्या दोन बाया धरून अठरा जण.

"ही टाकी इतके पोसणार नाही, झिओने," मामा सगळ्यांसमोर म्हणाला. "साठपर्यंत ठीक. तुझे वाफे केवढे, घाण केवढी! एक दिवस पाणी उलटेल."

"मामा, मी शिकून आलेय हे."

"शिकली असशील. मी बघितलंय."

तिला वाटलं, आपल्याला चार लोकांत लहान केलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही काय बघितलंय? तुमच्या डोळ्यांदेखत तुमचं सरोवर वाळून गेलं. माझी टाकी निदान भरलेली तरी आहे."

कुणीतरी हसलं. कोण, ते तिला नंतर कधी आठवलं नाही. पण एकाचं हसू निघालं तसं दोघातिघांचं निघालं. मामाने टोपी उचलली, गुडघ्यावर झटकली आणि म्हणाला, "तारीख ठरलीच आहे. मी येईन." आणि चहा न घेता निघाला. त्यानंतर तीन आठवडे त्याचा फोन नव्हता. झिओनेनेही केला नव्हता. रोज वाटायचं, उद्या करू.

* * *

मामा फाटकातून आत आला तेव्हा अंगावर काळा सूट होता, लग्नामयताला घालायचा, कोपरांवर चकाकणारा. त्याने कुणाला काही विचारलं नाही. थेट मागे आला, टाकीवर वाकला आणि डोळे मिटून वास घेतला. मग कोट काढून तियामिकेच्या हातात दिला.

"बायका किती आहेत स्वयंपाकाला?"

"अकरा," तियामिके म्हणाली.

"चुली राहू देत. सगळ्यांना बादल्या घेऊन बोलाव. शेजारी विहीर आहे ना? नळाचं पाणी एक थेंब आणायचं नाही. आणि खाणं कुणी टाकलं आज?"

"नाही टाकलं," झिओने म्हणाली.

"टाकू नकोस." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "ते दोन रिकामे ड्रम इकडे ओढ."

मग पुढचे दोन तास त्या अंगणात दुसरं काही नव्हतं. न्सिमा शिजवायला काढलेलं मक्याचं पीठ तसंच पडलं, कांदे अर्धवट चिरलेले राहिले. बायका विहिरीपासून टाकीपर्यंत रांगेने उभ्या राहिल्या आणि बादल्या हातोहात सरकत आल्या. मामा पॅन्ट मांडीपर्यंत दुमडून विटांवर चढला होता. प्रत्येक बादली तो डोक्याच्याही वर उचलायचा आणि पाणी उंचावरून सोडायचा.

"उंचावरून का ओततायत?" एका मावशीने विचारलं.

"पडताना वारा घेऊन जातं सोबत," मामा म्हणाला. "त्या बिचाऱ्यांना तोच हवाय."

टाकीतलं निम्मं पाणी उपसून केळींच्या मुळांशी गेलं. निम्मे मासे ड्रममध्ये गेले. झिओने जाळीने मेलेले काढत होती. चौसष्ट निघाले. तिने ते पातेल्यात रचले. मोठे होते, हाताच्या पंजाएवढे. वरून बघायला ताजेच.

ती मामाजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आत्ताच मेलेत, मामा. दोन-तीन तासांपूर्वी. पोटं साफ करून तळले तर कुणाला कळणार नाही."

मामा विटांवरून खाली उतरला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुला कळेल."

"मग पाहुण्यांपुढे काय ठेवू? सगळ्यांना सांगितलंय मी."

"जिवंत आहेत त्यातले मोठे साठ धर. ते ठेव. कमी पडलं तर बीन्स आहे, कोंबडी आहे. मी बोलणार आहे आज या घरातर्फे. ज्या पाण्याने मारलं त्या पाण्यातलं मेलेलं मी समोरच्यांच्या ताटात घालणार नाही." त्याने पातेलं स्वतः उचललं. "फावडं कुठाय?"

केळींमागे तो खड्डा खणायला लागला. झिओनेला तिथून हलता येईना. तिने दुसरं फावडं आणलं आणि त्याच्या बाजूला खणायला लागली. 

"वासावरून कसं ओळखलंत?" तिने विचारलं.

मामाने फावडं जमिनीत रोवलं आणि त्यावर हात टेकले.

"हा वास घेतलाय मी. तू जन्मलीस त्या वर्षी. सरोवर आटत आटत गेलं आणि शेवटी बोरूच्या बेटात एक डबकं राहिलं. या अंगणाएवढंच. सगळे मासे त्यात येऊन कोंबले. असंच पाणी, अशीच तोंडं वर. आमचे मामा म्हणाले, त्या डबक्याला कुणी हात लावायचा नाही. पाऊस आला की इथूनच सरोवर पुन्हा भरेल."

"मग?"

"तुझी आई बाळंत झाली होती. दूध येत नव्हतं तिला. घरात मक्याची पेज, तीही पातळ. तू रडायचीस, आणि रडायचीस म्हणजे आवाजही निघत नव्हता शेवटी शेवटी." त्याने फावडं मातीतून उपसलं. "मी गेलो. एक दिवस चार मासे आणले. दुसऱ्या दिवशी दहा. मला बघून आणखी दोघं आले, मग सगळंच गाव. चार दिवसांत डबकं साफ. पुढल्या वर्षी पाणी आलं, झिओने. कमरेएवढं आलं. पण आमच्या काठाला तीन वर्षं मासा लागला नाही."

झिओनेच्या हातातलं फावडं तसंच राहिलं.

"आईने कधी सांगितलं नाही."

"मीच सांगू नको म्हटलं होतं. मामांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, डबकं पहिल्यांदा कुणी उपसलं? मी म्हटलं, मला माहीत नाही. सांगू, सांगू म्हणत राहिलो. आणि मामा गेले." त्याने खड्ड्यात मासे सोडले, एकेक नाही, पातेलं उलटं करून. "जाऊन कबरीला सांगून आलो. कबर ऐकते की नाही, ते काही मला कळलं नाही. चल, माती लोट. पाहुणे येतील."

विहिरीवर जाऊन तो पाय धुऊन आला. तियामिकेने ब्रशने त्याचा कोट साफ केला, पण पॅन्टवरचा चिखल नीट निघाला नाही. ओल्या पॅन्टनेच तो पुढच्या अंगणात गेला आणि आपल्या खुर्चीवर बसला. वीज आली. मागे पंप घुरघुरला आणि धार पडायला लागली. टाकीत आता चाळीसेक मासे होते. ते खाली गेले होते, दिसत नव्हते.

झिओने चुलीपाशी मासे तळत बसली. तेलात मासा सोडताना तिने ठरवलं, आज सांगायचं. बोलणी झाली की शेवटी दोन्हीकडच्यांना विचारतात, कुणाला काही बोलायचंय का. तेव्हा उठायचं. त्या बैठकीतले अठराच्या अठरा आज इथे आहेत, वर फ्रॅकसनकडचे तीस. उभं राहायचं आणि म्हणायचं, मामा, त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं, आणि हे मासे तुमचे आहेत. दोन वाक्यं. शाळेत ती दिवसभर साठ पोरांपुढे बोलते.

बोलणी छान झाली. मामा असा बोलला की फ्रॅकसनचे मामाही मान डोलवत राहिले. "आमच्या पोरीला आम्ही देत नाही," तो म्हणाला, "तुमच्या पोराला घेतो. आमच्याकडे जावई सासरी येऊन राहतो, हे तुम्ही जाणताच. तेव्हा त्याला चांगलं खाऊपिऊ घालून पाठवा, इथे आल्यावर त्याला पालाच मिळणार आहे." सगळे हसले. कोंबडा इकडे आला, कोंबडी तिकडे गेली. बायकांनी आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. तियामिके खाली मान घालून बसली होती, तिचे केस आता पूर्ण विणलेले होते आणि डोळे ओले होते.

फ्रॅकसनचे मामा, म्सोसा, हात पुसत म्हणाले, "वास तर फार छान सुटलाय. मासे घरचे आहेत, असं ऐकलं?"

लायसनमामा म्हणाला, "घरचेच. आमच्या झिओनेचे. मागच्या अंगणात वाढवलेत तिने, मातीशिवाय भाजी आणि सरोवराशिवाय मासा. तिच्या हातचे."

माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. झिओनेला कानशिलं तापल्यासारखी वाटली. आता, तिने स्वतःला सांगितलं. आता ऊठ.

"तर मग," म्सोसांनी विचारलं, "दोन्हीकडच्यांपैकी कुणाला काही बोलायचं आहे?"

तियामिकेने मान वर करून सरळ झिओनेकडे पाहिलं. झिओने खुर्चीत पुढे सरकली. तिला वाटलं, आज तियामिकेचा दिवस आहे, तो आपल्या गोष्टीने कशाला भरायचा. तिला वाटलं, पाहुण्यांसमोर घरातलं भांडण कशाला. दोन्ही कारणं चांगली होती. आणि दोन्ही खरी नाहीत, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

"नाही? मग जेवूया," म्सोसा म्हणाले.

तियामिकेने मान पुन्हा खाली घातली.

* * *

मामा जेवायला थांबला नाही. काचुलूची मिनीबस चुकेल, म्हणाला. तियामिकेने आग्रह केला, तिच्या डोक्यावर हात ठेवून तो निघाला. झिओनेला ते ताटं वाढताना दिसलं. हातातला डाव तसाच ठेवून ती फाटकाबाहेर पळत गेली. मामा भाड्याच्या सायकलवाल्याच्या मागच्या गादीवर बसत होता, कोट गुडघ्यावर घडी करून.

"मामा, थांबा. जेवून तरी जा."

"तियामिकेने बांधून दिलंय."

"मामा, मी चुकले." तिला धाप लागली होती. "त्या दिवशी मी जे बोलले, ते... मी बोलायला नको होतं. मला माफ करा."

मामाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ऐकलं मी."

"मग परत चला ना आत."

"झिओने, त्या दिवशी सगळ्या घराने ऐकलं होतं. आज मी ऐकलं, आणि या सायकलवाल्याने." सायकलवाला उगाच घंटीशी चाळा करत दुसरीकडे बघायला लागला. "तुझ्यावर माझा राग नाही. लहान होतीस तेव्हा रात्र रात्र घेऊन फिरलोय तुला, तुझ्यावर काय रागवायचं. पण घराचा शब्द बोलणाऱ्याला घर हसलं, की त्या शब्दात दम राहत नाही. आजचं तियामिकेसाठी केलं. यापुढे मावशीच्या मोठ्या मुलाला बसवा माझ्या जागी. मी त्याला सांगून ठेवलंय."

"असं नका करू, मामा."

"टाकीत पुन्हा भर घालू नकोस. पाणी आज निम्मं नवं आहे, म्हणजे कच्चं आहे. महिनाभर थांब." आणि सायकलवाल्याच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "चल बाबा."

उतार होता. सायकल लवकर दिसेनाशी झाली.

झिओने परत आली तेव्हा ताटं वाढून झाली होती. अंगणात न्सिमाची वाफ होती, थोब्वाच्या गोड आंबिलीचे पेले फिरत होते, कुणीतरी रेडिओ लावला होता आणि दोन म्हाताऱ्या खुर्चीत बसल्या बसल्या नाचत होत्या. मावशीचा मोठा मुलगा मामाच्या खुर्चीवर बसून जेवत होता. त्याने तिला पाहिलं आणि नजर ताटात घातली. तियामिकेने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"इकडे ये गं, इकडे!" फ्रॅकसनच्या थोरल्या आत्याने तिला हाक मारली. बाई लठ्ठ आणि हसरी होती, तिच्या ताटात नुसता काटा उरला होता. "असा मासा मी वर्षानुवर्षं खाल्ला नव्हता. मलाही शिकव हे. सगळं तू एकटीने केलंस?"

झिओने तिच्याजवळ वाकली.

"मामांनी वाचवले," ती म्हणाली.

रेडिओ मोठा होता. आत्याने कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

झिओनेने इकडेतिकडे पाहिलं. सगळे जेवत होते, बोलत होते, हसत होते.

"काही नाही," ती म्हणाली. "अजून एक घ्या ना."